विहिरीपासून वीस पावलं

कौलाच्या कारखान्याची भट्टी खचली आणि वस्तीतल्या निम्म्या घरांची रोजी बुडाली. भट्टी जुनी झाली होती. तीन वर्षं सगळे मालकाला सांगत होते आणि तीन वर्षं मालक कानाडोळा करत होता. एका सकाळी तिची मागची भिंत आतल्या भाजलेल्या मालासकट खाली बसली. माणूस कोणी दगावलं नाही, एवढंच नशीब. पाडायला एक महिना, बांधायला दोन, तोवर आपापलं बघा, असं सांगून मालक मोकळा झाला.

टेंपोवाल्याने आपापलं काय बघायचं? सहा वर्षं तो कौलं भरून शहरातल्या वखारीत टाकत होता. दुसरं भाडं त्याला माहीत नव्हतं. त्याला सगळे मुक्या म्हणायचे. मुका नव्हता तो, पण शब्दाशब्दावर कर बसल्यासारखा जपून बोलायचा. त्याच्या बायकोचं मात्र तसं नव्हतं. ती सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर वळणदार, वस्तीतल्या प्रत्येकाचा अर्ज तिच्या हातचा. कुठल्याही शाळेत न शिकवता लोकांनी तिला मास्तरीण करून टाकलं होतं आणि तिलाही ते आवडायचं.

महिनाअखेरीला टेंपोचा तिमाही रस्ताकर भरायचा होता. गाडी हलो न हलो, कर भरायचाच. मुक्याची आई, म्हणजे घरातली म्हातारी, या करांवर कायम चिडलेली असायची. टेंपो घेतला तेव्हा दुकानदाराने सांगितलेली किंमत एक आणि हातात पडलेलं बिल दुसरं, मधला फरक विक्रीकर, हे तिच्या डोक्यातून सहा वर्षं गेलं नव्हतं. मग त्या विक्रीकरासकट धरलेल्या किमतीवर रस्ताकर ठरला. "गाडीचे पैसे दिले, गाडी घेतली म्हणून दिले, रस्त्यावर आणली म्हणूनही दिले," ती म्हणायची. "आता फक्त न आणल्याचे द्यायचे राहिलेत."

कर कार्यालयाबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसणाऱ्या एजंटाने मुक्याला सांगितलं, की गाडी बंद ठेवणार असाल तर तसा फॉर्म असतो. नोंदणीचं पुस्तक कार्यालयात जमा करायचं, तेवढ्या दिवसांचा कर माफ. फॉर्म भरायचे त्याने पैसे सांगितले. मास्तरीण म्हणाली, त्याला कशाला द्यायचे, मी काय मेलेय?

तिने तो फॉर्म एक पूर्ण दुपार घालवून भरला. मीटरवरचा आकडा मुक्याकडून दोनदा वाचून घेतला आणि लिहिला. 'वाहन कोठे ठेवणार' या रकान्यात एजंट सगळ्यांचंच 'राहत्या पत्त्यावर' असं लिहायचा. मास्तरिणीला ते ढिसाळ वाटलं. तिने लिहिलं, 'राहत्या घरासमोर, पूर्वेस, मोठ्या झाडाखाली, विहिरीपासून वीस पावलांवर.' पावलं तिने स्वतः मोजली होती. खिडकीतल्या कारकुनाने ते वाचलं, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि शिक्का मारला. घरी येताना ती खुशीत होती, कोणाचे हात ओले न करता काम झालं म्हणून.

मुक्याने बॅटरी काढून पलंगाखाली ठेवली. दुसऱ्या दिवसापासून नवराबायको दोघंही भट्टी पाडायच्या कामावर जाऊ लागले. मलब्याचा ठेका एका ट्रॅक्टरवाल्याने घेतला होता. तो मुकादमासारखा छत्री घेऊन उभा राहायचा आणि दिवसाच्या मजुरीवर माणसं घ्यायचा. मुक्या घणाने भिंत फोडायचा. मास्तरीण घमेलं भरून पन्नास पावलं न्यायची, ओतायची, परत यायची. जळक्या विटांची लाल भुकटी नाकात, कानात, नखांत जाऊन बसायची. आंघोळीचं पाणी तीन दिवस लालच निघालं, मग तिने पाण्याकडे बघायचं सोडलं. संध्याकाळी मुक्या टेंपोच्या काचा पुसायचा आणि थोडा वेळ आत स्टिअरिंगला हात लावून बसायचा. चहा तिथेच नेऊन द्यावा लागायचा.

दुसऱ्या आठवड्यात ट्रॅक्टरवाल्याचा ट्रॅक्टर बिघडला. सगळ्या मजुरांसमोर तो मुक्याला म्हणाला, "स्वतःची गाडी घरी ठेवून घमेली कसली उचलतोस? आण उद्या टेंपो. दुप्पट भाडं देतो. बंद ठेवलाय हे कोण बघायला येतंय?"

मुक्याने बायकोकडे पाहिलं. दुप्पट भाडं म्हणजे आठवड्यात तिमाहीचा कर वसूल. मास्तरीण घमेलं खाली ठेवून म्हणाली, "फॉर्मवर ह्यांची सही आहे आणि अक्षर माझं आहे."

लोक हसले. ट्रॅक्टरवाला म्हणाला, बरं बाई, घमेलं उचला. तिने उचललं, पण त्या दिवशी ते रोजच्यापेक्षा जड लागलं.

महिना संपता संपता वारा सुटला. तो तीन दिवस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी कामावरून येताना मास्तरिणीने वर पाहिलं, तर टेंपोवर आलेली जाड फांदी खोडाशी तडकली होती आणि वाऱ्याबरोबर कुरकुरत होती. खाली टेंपोची काच आणि टप. रस्त्यापलीकडे दिराचा गोठा रिकामा होता, पक्क्या छपराचा. टेंपो तिथे ढकलू या, ती म्हणाली.

"कार्यालयात कळवायला पाहिजे," मुक्या म्हणाला.

"अहो, साठ-सत्तर पावलं तर जायचंय. घरचीच जागा आहे. उद्या मी अर्ज लिहिते."

दीर आणि जाऊ आले. चौघं ढकलायला लागले तर स्टिअरिंगवर कोण? वजनाने हलकं माणूस एकच होतं. म्हातारीला उचलून बसवलं. तिचे पाय ब्रेकपर्यंत पोचेनात, म्हणून जाऊ हातात लाकडी ओंडका घेऊन चाकाशेजारून चालू लागली, गरज पडली तर चाकाखाली घालायला. म्हातारीने दोन्ही हातांनी चाक असं धरलं होतं, की गोठ्यात पोचल्यावर बोटं एकेक करून सोडवावी लागली. मग कितीतरी वेळ ती सगळ्यांना सांगत होती, की वळण आपण एकदम बरोबर घेतलं. त्या संध्याकाळी घरात खूप दिवसांनी हसणं झालं. दोन दिवसांनी पहाटे फांदी पडली, बरोबर टेंपोच्या जागी. मुक्याने बायकोच्या पाठीवर हात ठेवला. एवढं कौतुक त्याच्याकडून तिला सहा वर्षांत मिळालं नव्हतं.

अर्ज तिने लिहिला, पण द्यायचा राहिला. कार्यालय दहाला उघडायचं आणि पाचला बंद व्हायचं, भट्टीचं काम सातला सुरू आणि सहाला बंद. एका अर्जासाठी एक दिवसाची मजुरी बुडवायची का? आज जाऊ, उद्या जाऊ करत अर्ज फळीवर पडून राहिला.

त्याच आठवड्यात एक दिवस संध्याकाळी घरी आल्यावर म्हातारीने सांगितलं, "आज एक माणूस आला होता. मी खिडकीतून बघत होते. त्याने विहिरीपासून पावलं मोजली, फांदीजवळ उभा राहिला, काहीतरी लिहिलं, चाकांचे माग बघत रस्त्यापर्यंत गेला आणि मोटारसायकलवर बसून निघून गेला. मला वाटलं, फांदी विकत घ्यायला आलाय."

मास्तरिणीने पिण्यासाठी घेतलेला तांब्या खाली ठेवला. किती पावलं मोजली, असं तिने विचारलं. वीस, म्हातारी म्हणाली.

नोटीस आली ती आठ दिवसांनी. तिने ती मुक्याला वाचून दाखवली आणि आपलाच आवाज तिला परका वाटला. नमूद जागी वाहन आढळले नाही. जागेवर झाडाची फांदी पडलेली. चाकांच्या खुणा सार्वजनिक रस्त्यापर्यंत. सबब वाहन वापरात असल्याचे मानण्यात येत आहे. तीन महिन्यांचा कर, त्याच्या दुप्पट दंड. न भरल्यास वाहन जप्त करून लिलाव.

सगळं तिच्याच हातून झालं होतं. फॉर्म तिने लिहिला, पावलं तिने मोजली, टेंपो तिने हलवायला लावला. 'राहत्या पत्त्यावर' एवढंच लिहिलं असतं तर दिराचा गोठाही त्याच पत्त्यावर होता. मुक्या तिला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला रात्रंदिवस वाटत राहिलं.

सुनावणीला दोघं मजुरी बुडवून गेले. साहेब वयाने लहान होता, स्वच्छ शर्ट, बोलायला सभ्य. त्याने बसायला सांगितलं. खुर्च्यांवर कापडी गाद्या होत्या. मास्तरिणीने आपल्या लुगड्यावरची लाल भुकटी पाहिली आणि खुर्चीच्या कडेवर टेकली.

तिने सगळं खरं सांगितलं, वारा, फांदी, गोठा, म्हातारी. साहेबाने मधे न बोलता ऐकलं.

"फांदी पडण्याच्या आधी हलवलीत की नंतर?"

"आधी. दोन दिवस आधी."

"मग कळवायला वेळ होता," साहेब म्हणाला. "आणि गोठा रस्त्याच्या पलीकडे आहे. म्हणजे गाडी रस्त्यावर आली."

"ढकलत नेली, साहेब. बॅटरीच नाही तिला. पलंगाखाली आहे."

"ढकलत नेली हे मी कशावरून मानायचं?"

मास्तरीण थोडी पुढे सरकली. याचं उत्तर तिच्याजवळ होतं. फॉर्मवर मीटरचा आकडा लिहिलाय, ती म्हणाली. गाडी चालवली असती तर आकडा वाढला असता. साहेबाने फॉर्म काढला, पाहिला, आणि पहिल्यांदा त्याच्या कपाळावरची आठी गेली. तो म्हणाला, बरोबर आहे. गाडी इथे आणून दाखवा, मीटर तपासू. मात्र चालवत आणायची नाही, तिचा कर भरलेला नाही. आमचा माणूस तिकडे परत दोन महिन्यांनी येईल, तोवर थांबाल तर दंडावर दंड चढेल.

बाहेर एजंट टेबलाशी बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. फांदी पडल्यानंतर हलवली म्हणायचं होतं, तो म्हणाला. मास्तरिणीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

टेंपो ओढून न्यायला ट्रॅक्टरवाल्याने दोघांची चार दिवसांची मजुरी मागितली. घरात तेवढं नव्हतं. कार्यालय सात किलोमीटरवर. आठवडी सुट्टी झाल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे चौघांनी टेंपो गोठ्यातून बाहेर काढला. म्हातारीने या वेळी न सांगता हात वर केले, मला उचला म्हणून.

निघताना मुक्या म्हणाला, "मीटर फिरेल. चाकाबरोबर फिरतं ते. केबल सोडवू?"

"सोडवली तर म्हणतील, मीटरशी खेळ केला," मास्तरीण म्हणाली. "फिरू दे. सातच फिरेल. घरापासून तिथवर सातच आहेत, हे त्यांनाही माहीत आहे."

मुक्याने केबलला हात लावला नाही. तिच्या हिशोबावर त्याचा अजूनही विश्वास होता.

पहिला किलोमीटर अंगात जोर होता. दुसऱ्याला बोलणं बंद झालं. मुक्या दाराच्या चौकटीला खांदा लावून ढकलत होता. थोड्याच वेळात त्याच्या सदऱ्याचा खांदा फाटला आणि मग खालची कातडी. मास्तरीण मागच्या फळीला हात देऊन, मान खाली घालून पावलं टाकत होती. तिला फक्त आपले पाय आणि डांबर दिसत होतं. चढावर जाऊ ओंडका घेऊन तयार राहायची. "लाव" म्हटलं की चाकाखाली लावायची आणि सगळे फळीवर डोकं टेकून श्वास घ्यायचे. मागून गाड्या भोंगे वाजवत जायच्या. एका मोटारीतून एक बाई म्हणाली, बाजूला तरी घ्या, रस्ता काय तुमचा एकट्याचा आहे? म्हातारी आतून म्हणाली, सहा वर्षं पैसे भरलेत याचे. मोटार केव्हाच पुढे गेली होती.

पाचव्या किलोमीटरला दिराच्या पोटरीत गोळा आला. तो कडेला बसला आणि चोळत राहिला. त्याला तिथेच सोडून तिघं पुढे गेले. कार्यालयाच्या फाटकात टेंपो शिरला तेव्हा अकरा वाजून गेले होते. मुक्याचा सदरा खांद्याला चिकटला होता, रक्ताने. मास्तरिणीचे तळवे उघडझाप करायला येत नव्हते. तरी तिला हलकं वाटत होतं. आता डोळ्यांनी बघतील, एवढंच तिच्या मनात होतं.

साहेब कारकुनाला घेऊन बाहेर आला. कारकुनाने आत वाकून मीटर वाचलं, फॉर्मशी लावलं आणि म्हणाला, "फरक आहे. सात."

"घरापासून इथवर सातच आहेत, साहेब," मास्तरीण म्हणाली. "आत्ता ढकलत आणला. हे बघा ह्यांचा खांदा."

साहेबाने खांदा पाहिला. त्याला वाईट वाटलं असावं, कारण त्याने लगेच नजर वळवली. तपासणीच्या कागदावर दोनच रकाने होते. फरक आहे, फरक नाही. कारकून पेन उघडून वाट बघत होता.

"सात असो की सत्तर, फरक तो फरक," साहेब म्हणाला. "नाही असं मी कसं लिहू? उद्या मला विचारतील. तुम्ही ट्रॉलीवर चढवून आणायची होती."

कारकुनाने स्टिअरिंगवर कोण होतं, त्याचा परवाना विचारला. सगळ्यांनी म्हातारीकडे पाहिलं. ती अजून आत बसली होती, दोन्ही हातांनी चाक धरून. साहेब म्हणाला, ते राहू द्या. ही त्याने केलेली मेहेरबानी होती आणि तिच्याबद्दल आभार मानावे लागले.

टेंपो जप्त झाला. पंधरा दिवसांची मुदत मिळाली. म्हातारी उतरेना. मला कुठे गाडी चालवता येते, ती म्हणत राहिली, ही चाललीच नाही. मग मुक्याने तिची बोटं सोडवली आणि तिला काखेत धरून खाली घेतलं. ती त्याच्या हातात लहान पोरीएवढी वाटत होती.

कारकुनाने जप्तीची पावती दिली. मास्तरिणीने ती उभ्या उभ्या वाचली. वाहन कोठे ठेवले आहे, या रकान्यात लिहिलं होतं, 'कार्यालयाच्या आवारात.'

"आवारात कुठे?" तिने विचारलं.

"आवारात म्हणजे आवारात."

"कुठल्या बाजूला, भिंतीपासून किती पावलांवर, तेवढं लिहा ना."

कारकून हसला आणि त्याने खिडकी लावून घेतली. मास्तरीण भिंतीपाशी गेली. पाय उचलत नव्हते तरी तिने पावलं मोजली आणि पावतीच्या मागे स्वतः लिहिलं, 'पश्चिमेच्या भिंतीपासून अकरा पावलांवर.' मुक्या फाटकापाशी आईला घेऊन थांबला होता. त्याने ते पाहिलं आणि मान फिरवली.

पैसे ट्रॅक्टरवाल्याने दिले. दुसरं कोण देणार? बदल्यात टेंपो वर्षभर त्याच्या कामाला, निम्म्या भाड्यात, डिझेल मुक्याचं. त्याचा कागद मास्तरिणीने लिहिला नाही. त्यानेच छापील आणला होता. मुक्याने सही केली तेव्हा ट्रॅक्टरवाला म्हणाला, तेव्हाच आणला असतास तर दुप्पट मिळालं असतं. हे तो हसत म्हणाला आणि ते खरंही होतं, म्हणून जास्त लागलं.

चौदाव्या दिवशी पिशवीत बॅटरी आणि ओट्यात पैसे घेऊन दोघं कार्यालयात गेले. खिडकीत पैसे भरले, नवी तिमाही धरून. कारकुनाने पुस्तक परत दिलं आणि गाडी घेऊन जा म्हणाला.

मास्तरीण पश्चिमेच्या भिंतीपाशी गेली. अकरा पावलं टाकली. तिथे एक पांढरी मोटार उभी होती. तिने परत भिंतीपासून मोजलं. मग सगळं आवार फिरून आली. टेंपो नव्हता. विकला की काय, एक दिवस बाकी असताना?

ती धावत खिडकीशी आली. आमची गाडी जागेवर नाही, तिने पावती उलटी करून अकरा पावलं दाखवली.

"हां, ती होय," कारकून म्हणाला. "परवा हलवली. साहेबांच्या गाडीला सावली पाहिजे होती. रस्त्यापलीकडे आपलं दुसरं कुंपण आहे ना, तिथे आहे."

"कशी नेली?"

"कशी म्हणजे? ढकलत. चार माणसं लावली. बॅटरी कुठे आहे तिला?"

मास्तरिणीने पावतीवर बोट ठेवलं. "लिहून ठेवलंत का कुठे?"

"त्यात लिहायचं काय?" कारकून म्हणाला आणि पुढच्या माणसाचे कागद घेतले.

तिने पावती तशीच खिडकीत पुढे धरून ठेवली. मागच्या माणसाने, बाई, आटपा, म्हटलं. मुक्याने तिच्या हातातली पावती काढून घेतली. मागे तिच्या वळणदार अक्षरात लिहिलेली ती ओळ त्याने वाचायचा प्रयत्न केला, त्याला येत होतं तेवढं. मग पावती घडी करून खिडकीच्या फळीवर कारकुनासमोर ठेवली.

"जपून ठेवा," तो म्हणाला.

आणि बॅटरीची पिशवी चांगल्या खांद्यावर घेऊन, बायकोला पुढे घालून, तो रस्ता ओलांडायला निघाला.